दाराआडची ऊब

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, सरोवराकाठच्या सेंत-ओदिल गावात घरोघरी लुसिएन गिमोंचे हीटर होते. भिंतीच्या तळाशी, खिडकीखाली, जमिनीला लागून बसवलेले, लांबट, पांढऱ्या पत्र्याचे. तेलाचे भाव भडकले आणि उत्तरेकडच्या धरणांची वीज स्वस्तात घरात येऊ लागली, त्या वर्षांत गावाने तळघरातल्या तेलाच्या भट्ट्या उपटून टाकल्या आणि वायरिंगला लुसिएनला बोलावलं. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. पाच हिवाळ्यांत त्याने एकशे बारा घरं केली, चर्च केलं, पाद्रीबाबांचं घर केलं, आणि सगळ्यांत जीव ओतून स्वतःचं घर केलं.

स्वतःच्या घरात त्याने प्रत्येक खोलीला वेगळा हीटर आणि वेगळा थर्मोस्टॅट दिला. ज्या खोलीत माणूस तेवढीच गरम करायची, बाकीच्या थंड राहिल्या तर बिघडलं कुठं? मधल्या पॅसेजला तर त्याने हीटर दिलाच नाही. पॅसेजमध्ये कोण राहतं? या सगळ्याला अट एकच होती, ती म्हणजे दार लावलेलं हवं. त्यामुळे "दार लाव!" हे त्या घरातलं सकाळचं पहिलं आणि रात्रीचं शेवटचं वाक्य झालं. मुलं बोलायला लागायच्या आधी दार लावायला शिकली. मोठी होऊन दोघंही शहरात गेली, तिकडे आपापल्या घरात तीही "दार लाव" असं ओरडून बसतात आणि मग जीभ चावतात. गावात लुसिएनचं नावच 'दार-लाव' पडलं होतं, आणि हा गडी ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवायचा.

ऑक्टोबरातल्या पहिल्या थंडीला हीटर चालू केले की त्यांच्यावर उन्हाळाभर साचलेली धूळ जळते आणि तिचा खरपूस वास घरभर होतो. लुसिएनला तो वास सणासारखा वाटे. त्या वर्षी नेमक्या त्याच दिवशी त्याच्या बायकोने, रोलांदने, वाटाण्याच्या सूपचा वाडगा त्याच्यापुढे ठेवला आणि खुर्ची ओढता ओढता म्हणाली, "आल्मातल्या वृद्धनिवासात नाव घातलंय."

"कुणाचं?"

"आपलं. तू येणार नसलास तर माझं एकटीचं."

म्हातारपणी घर विकून निवासात जाणं इकडे काही जगावेगळं नाही. तिथे नर्स असते, जेवायची वेळ ठरलेली असते, दुपारी पत्त्यांचे डाव रंगतात. एक जुलैला अख्खा प्रांत घरं बदलतो, रस्तोरस्ती फ्रिज आणि गाद्यांची वरात निघते, त्यात आणखी दोन म्हातारे. खोली ठरली होती. होय की नाही ते पंधरा मार्चपर्यंत कळवायचं होतं.

"इथं काय कमी आहे तुला?" लुसिएनने विचारलं.

रोलांदने पावाचा तुकडा मोडला, सुपात बुडवला, पण खाल्ला नाही. "तिथं पॅसेजमध्येसुद्धा ऊब असते," ती म्हणाली.

लुसिएनने आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या, आणि प्रत्येक तक्रारीचं उत्तर त्याला कुठल्या ना कुठल्या तारेत सापडलं होतं. त्यामुळे त्याने पुढे काहीच विचारलं नाही. पण आतून तो घाबरला होता. हे घर सोडून दुसरीकडे त्याला झोप लागली नसती, आणि या घरात रोलांदशिवाय तर मुळीच लागली नसती. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाने असं उघड कबूल करायचं नसतं, म्हणून त्याने सूप संपवलं, मिश्या पुसल्या आणि भाचीला फोन लावला.

ही भाची म्हणजे मारीझ. सरोवराच्या काठाकाठाने गावोगाव फिरून ती हीट पंप बसवायची. म्हणजे खरं सांगायचं तर मामाने बसवलेल्या हीटरांना एकेका घरात पेन्शनीत काढायची. दोन वर्षं मामा-भाची हवामान आणि हॉकी सोडून तिसऱ्या विषयावर बोलले नव्हते.

"मामा, तू? शरण आलास?"

"ये आणि बसव," लुसिएन म्हणाला. "भाषण नको."

नोव्हेंबरात ती आली. तिने बाहेरच्या भिंतीला, बर्फाच्या वर राहील असा उंच लोखंडी घोडा ठोकला, त्याच्यावर पंख्याची पेटी चढवली आणि आतला भाग लुसिएनच्या बैठकीच्या खोलीत लावला, कारण घरात तीच सगळ्यांत मोठी. त्या खोलीत लुसिएन दिवसभर लोकांचे टोस्टर दुरुस्त करत आणि जुने हॉकीचे सामने बघत बसायचा. भाची भिंतीला भोक पाडत होती तेव्हा तो मागे हात बांधून उभा होता. स्वतःच्या अंगावर शस्त्रक्रिया चालल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"माझा हीटर एकाला एक देतो," तो म्हणाला. "एक माप वीज घेतो, एक माप ऊब देतो. थेंबभर वाया जात नाही. आणि तुझं हे यंत्र म्हणे एकाला तीन देतं. इतकं वचन तर पाद्रीबाबासुद्धा देत नाहीत."

"मामा, ते ऊब तयार करत नाही रे. बाहेरची ऊब ओढून आत आणतं."

"बाहेर उणे बारा आहे!"

"असू दे की. उणे विसातही हवेत ऊब असतेच. तुझा फ्रिज काय करतो? आतली ऊब ओढतो आणि मागच्या बाजूने बाहेर टाकतो. मागे हात लावून बघ, कोमट लागतो. हे तसंच, फक्त उलटं."

"म्हणजे आता मी फ्रिजमध्ये राहायचं."

"फ्रिजच्या मागे," मारीझ म्हणाली. "मांजरं बसतात ना, तिथं."

रोलांद हसली. मारीझने अवजारं आवरली आणि निघताना दोन बोटं वर केली. "दोनच गोष्टी सांगते, मामा. एक, दारं उघडी ठेवायची, हवा घरभर फिरली पाहिजे. दोन, हे यंत्र एकवीसवर आणि तुझे जुने हीटर सतरावर ठेवायचे आणि विसरून जायचं. कडाक्याच्या थंडीत यंत्र कमी पडलं तर हीटर आपोआप मदतीला येतील. सकाळी वर, रात्री खाली, हे करायचं नाही. चर्चला निघतानासुद्धा नाही." मग रोलांदकडे वळून ती म्हणाली, "मामी, हा ऐकणार नाही. लक्ष ठेव."

"अठ्ठेचाळीस वर्षं ठेवतेय," रोलांद म्हणाली. "उपयोग काय?"

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. मारीझची गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत लुसिएनने बैठकीचं दार लावलं होतं. मुद्दाम नाही, हातच तसा गेला. पण हीटरचं त्याने केलं ते मात्र मुद्दाम. यंत्राचा भरवसा काय? म्हणून त्याने रोलांदच्या नकळत खोल्याखोल्यांतून फिरून सगळे थर्मोस्टॅट गुपचूप एकवीसवर नेऊन ठेवले. आधार म्हणून, फक्त आधार म्हणून.

त्यात डिसेंबरात एका दुपारी बाहेरचा पंखा थांबला, पेटी कण्हल्यासारखी घुरघुरली आणि तिच्यातून पांढरे लोट निघाले. लुसिएन सपाता घालून बर्फात धावला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला. मग फोनवर ओरडला, "पेटलं तुझं यंत्र!"

"मामा, ती वाफ आहे. स्वतःवर जमलेला बर्फ वितळवतंय ते. घाम पुसतंय समज. पाच मिनिटांत परत कामाला लागेल."

"माझ्या हीटरला अठ्ठेचाळीस वर्षांत घाम आला नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला, आणि झोपायच्या खोलीतला हीटर बावीसवर नेला.

नाताळ झाला. मुलगी नादीन आली, सगळ्यांनी मिळून मांस भरून भाजलेली मोठी तुर्तिएर खाल्ली, नादीन गेली. दुसऱ्या दिवशी तुर्तिएरचं ते मोठं, जड भांडं रोलांदने धुतलं, पुसलं, आणि फडताळात न ठेवता वर्तमानपत्रात गुंडाळून एका खोक्यात घातलं. खोका शिवणाच्या खोलीत होता आणि त्यावर नादीनचं नाव लिहिलं होतं. लुसिएनने फडताळ उघडून बघितलं. भांडं जिथे असायचं तिथे खाली अंथरलेल्या कागदावर एक गोल, फिकट डाग राहिला होता. तो बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिला. पॅसेजमधून जाताना रोलांद अजूनही खांद्यावरची शाल घट्ट ओढून घेत होती, ते त्याला दिसत होतंच.

त्याने मारीझला बोलावलं आणि ती बूट काढायच्या आत सुरू झाला, "बिनकामाचं आहे तुझं यंत्र. दिवसातून दोनदा फुंकर मारतं आणि बसून राहतं. पॅसेज आहे तसाच गार."

मारीझ पॅसेजमधून चालत गेली, एकेक दार उघडत गेली आणि प्रत्येक भिंतीवरचा आकडा मोठ्याने वाचत गेली. "एकवीस. एकवीस. झोपायच्या खोलीत बावीस, वा! दारं सगळी बंद." मग कमरेवर हात ठेवून ती मामासमोर उभी राहिली. "नवी सून घरी आणायची, सगळा स्वयंपाक सासूनेच करून ठेवायचा आणि वर गावभर सांगायचं, की सून नुसती बसून खाते. असं केलंयस तू."

"आधार म्हणून ठेवले होते," लुसिएन पुटपुटला.

रोलांद स्वयंपाकघरात होती, तेवढं एक दार मारीझने उघडलं नव्हतं. तरीही मारीझने आवाज खाली आणला. "मामीने खोका भरायला घेतलाय. बघितलास?"

"बघितला."

"मग?"

लुसिएनने खोल्याखोल्यांतून फिरून हीटर सतरावर आणले. मग तो अवजारांच्या पेटीकडे गेला आणि हातोडी, पेचकस घेऊन आला. बैठकीच्या दाराच्या बिजागरीतली खीळ त्याने खालून ठोकून वर काढली.

"अरे, दारं नुसती उघडी ठेवायचीत, मामा. काढायची नाहीत."

"उघडी ठेवली तर माझा हात जाणारच," लुसिएन म्हणाला. "मला माहितीय माझा हात. पलीकडून धर."

बैठकीचं दार निघालं, झोपायच्या खोलीचं निघालं, शिवणाच्या खोलीचं निघालं. स्वयंपाकघराचं निघालं तेव्हा रोलांद हातात चमचा घेऊन तशीच उभी राहिली. न्हाणीघराचं मात्र तिने अडवलं. "त्याला हात लावलास तर आजच आल्माला जाईन," ती म्हणाली. एवढं एक दार सोडून आतली बाकीची सगळी तळघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुसिएन बैठकीत एका टोस्टरची स्प्रिंग बसवत होता, तेव्हा घरात कुणीतरी आल्यासारखं वाटलं. रोलांद कुणाशी तरी बोलत होती. शेजारीण असेल म्हणून तो शर्ट नीट करून बाहेर आला आणि पॅसेजमध्येच थांबला. बाहेरच्या दाराजवळ परके बूट नव्हते. स्वयंपाकघरात रोलांद एकटी होती आणि रेडिओ लागला होता.

"शिकुतिमीत आज सकाळी उणे सव्वीस," रेडिओवरचा माणूस सांगत होता.

"सव्वीस तुझ्याकडे," रोलांद गाजर चिरता चिरता म्हणाली. "आमच्याकडे एकोणतीस आहे. सरोवरावरून वारा येतो, बाबा. शहरात बसून तुला काय कळणार?"

"मग मित्रांनो, आज जेवायला काय करताय?"

"वाटाण्याचं सूप. रोज विचारतोस, रोज सांगते." ती थोडी थांबली. "तू विचारतोस तरी. इथं नुसतं खातात."

लुसिएन पॅसेजमध्ये पायमोज्यांवर उभा होता. पॅसेज उबदार होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही. ती त्या माणसाला गुडघ्याचं सांगत होती, नादीनच्या धाकट्याला अक्कलदाढ आल्याचं सांगत होती. गुडघा दुखतो हे लुसिएनला माहीत होतं. पण जिना उतरताना ती मनातल्या मनात पायऱ्या मोजते, म्हणजे शेवटची पायरी फसवत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. रेडिओवाल्याला ते माहीत असणार होतं. लुसिएन आवाज न करता मागे वळला आणि टोस्टर मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. त्याला लाज वाटली, आणि ती लगेच गेली नाही.

जेवताना त्याने विचारलं, "रेडिओशी कधीपासून बोलतेस?"

रोलांदने मान वर केली नाही. "नादीन शहरात गेली तेव्हापासून. बावीस वर्षं झाली असतील. आत्ताचा हा नवा आहे, याच्या आधीचा बरा होता. उत्तर द्यायला वेळ द्यायचा."

"मला कधी ऐकू आलं नाही."

"दार लावलेलं असायचं," ती म्हणाली.

ती हे टोमण्यासारखं बोलली असती तर बरं झालं असतं. टोमण्याला तो उत्तर देऊ शकला असता. ती साधंच बोलली, बाहेर बर्फ पडतोय असं सांगावं तसं, आणि वाडगे उचलून धुवायला गेली.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस लुसिएन बैठकीत बसून नुसतं ऐकत होता. हॉकीचा आवाज त्याने बंद केला होता. चौथ्या दिवशी रेडिओवाल्याने विचारलं, की तुमच्या आठवणीतला सगळ्यांत वाईट हिवाळा कोणता?

"चौऱ्याहत्तरचा," रोलांद म्हणाली. "बर्फ खिडकीच्या वर गेला होता. नादीन पोटात होती."

"शहात्तरचा!" लुसिएन बैठकीतून ओरडला.

स्वयंपाकघरात चमचा खाली पडला. मग बराच वेळ रेडिओच तेवढा बोलत राहिला.

"चौऱ्याहत्तरचाच," शेवटी रोलांदचा आवाज आला, जरा जपून, पाण्याची खोली पाय घालून बघावी तसा. "नादीन पोटात होती म्हटलं ना?"

"नादीन शहात्तरची आहे!"

"मी आई आहे की तू?"

"मी बाप आहे! तिचा जन्मदाखला मी आणलाय!"

गाजर चिरल्याचा आवाज. "बरं, शहात्तर," ती म्हणाली. "पण बर्फ चौऱ्याहत्तरलाच जास्त होता."

तेव्हापासून हे रोजचंच झालं. रेडिओवाला बिचारा निमित्तापुरता उरला. त्याने काही विचारायचं, एकीने स्वयंपाकघरातून उत्तर द्यायचं, दुसऱ्याने बैठकीतून ते खोडून काढायचं आणि भांडण पॅसेजमधून इकडून तिकडे फिरत राहायचं. कधीकधी मुद्दा इतका पेटायचा, की दोघंही उठून पॅसेजमध्ये यायचे आणि तिथेच उभ्याने वाद घालायचे. रोलांदने एक दिवस शिवणाच्या खोलीतली खुर्ची आणून पॅसेजमध्येच ठेवली. गुडघा दुखतो म्हणून, ती म्हणाली.

फेब्रुवारीत उणे चौतीसची थंडी पडली. यंत्राचा दम संपला. घर हळूहळू गारठू लागलं आणि आतला पारा सतरावर आला तसा खोल्याखोल्यांतून टिक, टिक, टिक असा आवाज सुरू झाला. पत्रा तापून फुगायला लागला की लुसिएनचे हीटर असे वाजायचे.

"तुझी पोरं उठली रे," रोलांद पॅसेजमधल्या खुर्चीवरून म्हणाली.

लुसिएन हसला. पोरं कामातून गेलेली नव्हती, गरज पडेल तेव्हा हजर होती. त्याला त्यांचा अभिमान वाटला. पण शिवणाच्या खोलीला आता दार नव्हतं, आणि बैठकीतून पॅसेजमध्ये येताना प्रत्येक वेळी तो खोका त्याला दिसायचा. त्यात आणखी काही पडलं नव्हतं आणि त्यातून काही बाहेरही आलं नव्हतं. लुसिएनने विचारलं नाही. तारा कुठे तुटल्यात हे त्याला आता कळलं होतं, पण त्या जुळल्यात की नाही हे तपासायचं अवजार त्याच्या पेटीत नव्हतं.

पंधरा मार्चला सकाळी ऊन पडलं होतं. छपरावरचा बर्फ ठिबकत होता आणि शेजारच्या मेपलच्या झाडांना रस गोळा करायच्या बादल्या लागल्या होत्या. चुलीवर सूप होतं. अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातला भिंतीवरचा फोन वाजला.

"हो, मीच बोलतेय," रोलांद म्हणाली. "पंधरा तारीख, आहे लक्षात."

लुसिएनच्या हातातला पेचकस थांबला.

"खोली छानच आहे हो. खिडकीतून सरोवर दिसतं, मी बघून आलेय ना." मग ती पलीकडचं ऐकत राहिली. लुसिएनला वाटलं, उठावं आणि तिथे जाऊन उभं राहावं. पण तो उठला नाही. अठ्ठेचाळीस वर्षं आपण म्हणू तसं झालं, आज तिचं ती बोलू दे, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि पेचकस घट्ट धरून बसला.

"नाही. या वर्षी नको," रोलांद म्हणाली. "काय? ऊब? नाही हो बाई, उबेचं काय, ऊब आमच्याकडे आधीही होती. खोलीखोलीत होती." इथे तिने आवाज थोडा चढवला. फोनसाठी तेवढ्याची गरज नव्हती. "आता मी काही बोलले की आतून उत्तर येतं. बहुतेक वेळा चुकीचं येतं, पण येतं." पलीकडची बाई हसली असावी, कारण रोलांदही हसली. "पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. नाव मात्र यादीत राहू द्या. त्याला जरा धाक राहील."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

"ऐकलंस का?" तिने स्वयंपाकघरातून विचारलं.

लुसिएनला पुष्कळ बोलायचं होतं. त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्याने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"ऐकलं," तो म्हणाला. "सूप खाली लागतंय. इथपर्यंत वास येतोय."